नवीन मशीन, जुनी बॅटरी

मी कॉर्डलेस ड्रिल डिझाइन करतो हे कळलं की हमखास विचारतात, "कंपनी एवढी जुनी, मशीन चांगली चालते, मग नवीन करता तरी काय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

बॅटरी सरकून बसते त्या खाचेला आम्ही हात लावत नाही. मिस्त्रीकडे एकाच कंपनीच्या चार मशिनी आणि दोन-तीन बॅटऱ्या असतात. नव्या मशीनला जुनी बॅटरी बसली नाही, तर तो सरळ दुसऱ्या ब्रँडकडे वळतो. रंगही तोच, कारण साइटवरच्या पसाऱ्यातून आपली मशीन रंगावरूनच ओळखू येते. (मार्केटिंगवाल्यांना अधूनमधून नवा रंग सुचतो, ते सोडा.)

बदल आतून येतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीतला एक सेल 1.2 व्होल्टचा, त्यामुळे 18 व्होल्टला 15 सेल लागायचे. लिथियम-आयनचा 3.6 चा, पाचांत भागतं. कार्बन ब्रशवाली मोटर जाऊन ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशची आली, ती आखूड. पण वरचं वजन घटलं की तोल खालच्या बॅटरीकडे जातो आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. मग मूठ किती कलती, मोटरच्या किती मागे, यावरच आमचे महिने जातात.

सगळं काही स्क्रीनवर कळत नाही. नाशिकच्या अंबडला मॉड्युलर किचनवाल्यांकडे जाऊन बसलो की कळतं. आमच्या चित्रात तर्जनी ट्रिगरवर असते. तिथले मुरलेले मिस्त्री मशीन वरून, चकच्या (बिट पकडणाऱ्या तोंडाच्या) मागे धरतात. तर्जनी बिटच्या रेषेत सरळ, ट्रिगर मधल्या बोटानं. जोर थेट स्क्रूवर जातो, बिट स्क्रूच्या डोक्यावरून घसरत नाही. म्हणजे मुठीवरचं रबर तिथपर्यंत चढवायला हवं आणि गरम हवेची जाळी त्या बोटापासून लांब. दिसण्याबद्दल विचारलं तर एक जण म्हणाला, "साहेब, कपाटात हात गेला पाहिजे, बाकी तुम्ही बघा."

आणि हो, पुढचा प्रश्नही ठाऊक आहे: 18 व्होल्टची घ्यावी की 20 ची? बहुतेक वेळा सेल तेच पाच असतात. भरल्या बॅटरीचा आकडा छापला की 20, सरासरी छापला की 18. दुकानात त्यापेक्षा ॲम्पिअर-अवर (बॅटरीत किती चार्ज मावतो) बघा, आणि मशीन बॅटरी लावूनच हातात घ्या.