उपाशी असलात तरी गोळी घ्या

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, खिडकीवर मी औषधं देते. बाटली हातात पडली की बहुतेक जण एकच विचारतात, ‘मॅडम, जेवणाआधी का जेवणानंतर?’ आणि मी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून कुणीतरी सांगून मोकळं होतं, ‘जेवून घ्यायची. उपाशीपोटी उष्ण पडते.’

हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याने नुकसान होतं.

सध्या आपल्याकडे बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोलुटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. ही गोळी जेवून घ्या, न जेवता घ्या, चालतं. फक्त रोजची वेळ सांभाळा. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर डोलुटेग्रॅविर सुमारे दोन तृतीयांशाने जास्त शोषलं जातं हे खरं, पण रिकाम्या पोटी जेवढं रक्तात उतरतं तेवढंही विषाणूला दाबून ठेवायला पुरतं.

ऊसतोडणीला जाणारी एक बाई आमच्याकडे येते. एकदा तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, हजाराच्या वर गेला. गोळ्या मोजल्या तर बाटलीत बऱ्याच शिल्लक. खोदून विचारल्यावर म्हणाली, ‘पोटात काही नसलं की घेत नाही. भरपूर खाऊन घ्या म्हणून सांगितलं होतं ना.’ पहाटे फडावर जायचं, भाकरी मिळेल तेव्हा मिळेल. म्हणजे ज्या दिवशी उपास घडायचा, त्या दिवशी औषधाचाही उपास. तिचं काही चुकलं नव्हतं. सांगितलेलं तिने मनापासून पाळलं होतं. आता ती पहाटे निघताना कोऱ्या चहाबरोबर गोळी घेते. ‘पौष्टिक खा’ हा सल्ला आम्ही सगळेच देतो आणि तो खराही आहे, पण तो गोळीला बांधून देऊ नये असं मला फार कळकळीने वाटतं. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही, त्याला त्यातून ‘आज गोळी नको’ एवढंच ऐकू येतं.

एकादशी, नवरात्र, श्रावणातले सोमवार यांचंही तेच. पाण्याबरोबर गोळी घ्या, देव रागावणार नाही. रोजे असतील तर इफ्तार किंवा सेहरी, यांतली एक वेळ धरा आणि महिनाभर तीच ठेवा.

गोळी जेवणाशी जोडायची सवय लोकांना कुठून लागली, हेही मला समजतं. टीएलडीच्या आधी टीएलई होती, डोलुटेग्रॅविरच्या जागी एफाविरेन्झ असलेली गोळी. तिच्यातलं एफाविरेन्झ रिकाम्या पोटी, झोपताना घ्यायला सांगायचो. ६०० मिलिग्रॅमची गोळी चरबीयुक्त जेवणानंतर घेतली तर रक्तातली तिची कमाल पातळी जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढते. जत्रेचं मटण खाऊन वर गोळी घेतली की रात्रभर गरगरणं आणि नको ती स्वप्नं. गोळीचा जेवणाशी काहीतरी संबंध असतो एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, गोळी मात्र बदलली.

आता ज्याची खरी काळजी घ्यायची, ते ताटात नसतं, औषधाच्या डब्यात असतं. लोह, कॅल्शियम आणि पित्तावरची औषधं.

विषाणू आपली जनुकीय माहिती आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो ते इंटिग्रेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने. त्या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे आयन असतात. डोलुटेग्रॅविर नेमके तेच घट्ट पकडतं आणि विकराचं काम थांबतं. पण हीच पकड आतड्यात आड येते. तिथे लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम भेटलं की औषध त्यांनाच चिकटून बसतं आणि रक्तात कमी पोचतं. उपाशीपोटी लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध वाया जातं. कॅल्शियमबरोबर सुमारे ४० टक्के. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडबरोबर तर जवळजवळ तीन चतुर्थांश.

म्हणून टीएलडी यांच्या निदान दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तास नंतर. लोह आणि कॅल्शियमला एक सवलत आहे: भरल्या जेवणाबरोबर घेतलं तर टीएलडी त्यांच्यासोबत चालते. इथे मात्र जेवण खरंच कामाला येतं. डायजीन, जेल्युसिलसारख्या अँटासिडला ही सवलत नाही, जेवलेले असा वा नसा.

गरोदर बायकांसाठी मी वेळा कागदावर लिहून देते, कारण त्यांच्याकडे लोहाची लाल गोळी असते, दोन वेळचं कॅल्शियम असतं, आणि लोह-कॅल्शियमही एकमेकांबरोबर घ्यायचं नसतं. सकाळी सहाला टीएलडी. नऊला न्याहारीबरोबर कॅल्शियम. दुपारी दोनला लोह. रात्री आठला जेवताना दुसरं कॅल्शियम. दूध, दही, नाचणीची भाकरी यांना घाबरू नका. हे सगळं गोळ्यांबद्दल आहे.

सेकंड लाइनवर, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर, ॲटाझानाविर-रिटोनाविर घेणाऱ्यांनी मात्र वरचं उत्तर स्वतःला लावू नये. ती गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, आणि तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ओमेप्राझोल घेऊन आम्ल कमी केलं की ॲटाझानाविर तीन चतुर्थांशाने घटतं. मेडिकलमधून ‘ॲसिडिटीची एक द्या’ म्हणून गोळी आणणारे खूप आहेत, आणि ती गोळी कुणाच्याच पुस्तिकेत लिहिलेली नसते.

तेव्हा पुढच्या तारखेला येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. शक्तीची बाटली, गुडघेदुखीसाठी शेजारणीने दिलेलं कॅल्शियम, पित्ताचं पातळ औषध, सगळं. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर तीही, कारण डोलुटेग्रॅविरबरोबर तिची रक्तातली पातळी वाढते आणि डोस डॉक्टरांना पाहावा लागतो. खिडकीशी रांग असली तरी विचारा, मी थांबते.