साउथॅम्प्टनला काकांसोबत: आयलंडरच्या आधीचं छोटं विमान

काका नेव्हीत असताना कोचीला आयलंडर विमानांवर मेकॅनिक होते. ते आमच्याकडे लंडनला आले तेव्हाच ठरवलं होतं की त्यांना साउथॅम्प्टनला न्यायचं, कारण आयलंडर बनवणाऱ्या जॉन ब्रिटन आणि डेझमंड नॉर्मन या जोडीचं पहिलं विमान तिथल्या सोलेंट स्काय म्युझियममध्ये आहे. बीएन-१एफ. एका माणसापुरतं, एकदम हलकं, आणि बनलं तेही एकच.

वॉटर्लूवरून थेट ट्रेन मिळते, सव्वा ते दीड तास. साउथॅम्प्टन सेंट्रलपासून चालत अर्धा तास धरा, वयस्कर माणसं असतील तर सरळ टॅक्सी करा. म्युझियम रोज उघडं नसतं, त्यामुळे दिवस आणि वेळ बघूनच ट्रेनचं तिकीट काढा.

आत शिरलं की समोर सँडरिंगहॅम ही प्रचंड फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, पंखांचा पसारा ३४ मीटर, आत चढताही येतं म्हणून सगळे आधी तिकडेच जातात. पण माझं ऐका, आधी बीएन-१एफ गाठा, नाहीतर पाय दुखायला लागले की ते घाईत बघून होतं आणि मग घरी आल्यावर हळहळ वाटते.

२६ मे १९५१ ला हे आयल ऑफ वाइट बेटावरच्या बेम्ब्रिजहून उडालं तेव्हा ब्रिटन आणि नॉर्मन दोघंही पंचविशीच्या आतले होते. विमानाच्या अंगावर जी-एएलझेडई ही नोंदणीची अक्षरं अजून आहेत. काका कितीतरी वेळ नुसते त्या एका सीटकडे बघत होते. मग म्हणाले, "आयलंडरसारखे पंख वर ठेवायचं यांचं पहिल्यापासूनच ठरलेलं दिसतंय रे." आधी जेएपीचं छोटं इंजिन होतं, नंतर ५५ हॉर्सपॉवरचं लायकमिंग बसवलं, हे सांगितल्यावर काकांचा चेहरा एकदम खुलला, कारण १९६५ ला उडालेल्या पहिल्या आयलंडरला कॉन्टिनेंटलची इंजिनं असली, तरी नंतरच्या आयलंडरवरच्या लायकमिंगशी काकांचं नातं जुनंच आहे.

फॉलंड नॅटही चुकवू नका, आपल्या एअरफोर्सचं १९६५ आणि ७१ च्या युद्धातलं नॅट याच फॉलंड कंपनीच्या घरातलं. मला तिथे फार भरून आलं.

बेम्ब्रिजलाही जायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा. साउथॅम्प्टनहून फास्ट फेरी बेटावरच्या वेस्ट काऊजला अर्ध्या तासात सोडते, पण बेम्ब्रिज आयल ऑफ वाइटच्या पार पूर्वेच्या टोकाला आहे.

निघताना काका परत बीएन-१एफपाशी गेले, फोटो काढायला लावला. ते अख्खं एका फ्रेममध्ये बसलं, सँडरिंगहॅमसाठी मात्र वाइड लेन्स न्या.