लिंबाचा ताण मोजायला निघाले आणि नायट्रोजनच्या टाकीपाशी अडकले

प्रबंधाचा विषय होता कागदी लिंबाच्या झाडातलं पाणी. काही ओळी ठिबकवर, काही पाटपाण्यावर आणि मोजायला प्रेशर चेंबर, म्हणजे पानावर गॅसचा दाब देऊन झाडाला पाण्याचा किती ताण आहे ते दाखवणारं यंत्र. पुण्याहून शिरूरकडच्या बागेत जायचं, बागवाल्या काकांनी परवानगी आनंदानं दिली, चेंबरही विभागात होताच. नव्हता फक्त दाब द्यायला लागणारा नायट्रोजन.

टाकी होती, पण रिकामी. ती टेम्पोत घालून भोसरीत गॅसवाल्याकडे नेली. त्यानं टाकीच्या खांद्यावर कोरलेली तारीख बोटानं पुसली आणि म्हणाला, "मॅडम, टेस्ट संपलीय. भरता येणार नाही." टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी ठरलेल्या मुदतीत करावीच लागते आणि मुदत उलटलेली टाकी भरणं नियमात बसत नाही. त्याचं काही चुकलं नाही. राग आला तो पुढच्या प्रकाराचा. चाचणीसाठी मालकाचं पत्र हवं. मालक कोण? डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे विभागातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, टाकी एका बंद पडलेल्या प्रकल्पाच्या नावावर, प्रकल्पाचे सर निवृत्त. स्टोअरवाले म्हणाले विभागाकडे जा, विभाग म्हणाला लेखा शाखेकडे, लेखा शाखेनं विचारलं, "टाकी निर्लेखित का नाही केली?" म्हणजे नोंदीतून कमी का नाही केली. हे मला विचारताय?

इकडे पाऊस उघडला होता, हस्त बहाराचा ताण, म्हणजे झाडाला फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं, सुरू झाला होता. काकांचा फोन, "ताई, पानं वळायला लागली, तुमचं मशीन कधी येणार? मी पाणी सोडलं की तुमचा ताण गेला." बहार काही सहीसाठी थांबत नाही.

शेवटी कार्यालयातल्या एका बाईंनीच सांगितलं, "जुनी टाकी सोड गं, अनामत भरून गॅसवाल्याचीच भरलेली टाकी आण." लेटरहेडवर चार ओळींचं पत्र, अनामत माझ्या खिशातून, की टाकी हातात. ती रक्कम अजून परत यायची आहे. म्हणून सांगते, विभागाच्या टाकीवर विसंबायच्या आधी तिच्यावरची तारीख वाचा. जमल्यास छोटी टाकी मागा, मोठी बांधावरून नेताना दोन माणसं लागतात.

मोजणी त्यामानानं सोपी. निवडलेल्या पानावर फॉइलची पिशवी किमान तासभर आधी चढवायची, म्हणजे पानातलं पाणी उडायचं थांबतं आणि पानातला ताण फांदीतल्या ताणाच्या बरोबरीला येतो. मग देठ कापून पान चेंबरमध्ये, कापलेलं टोक बाहेर, दाब अगदी हळू वाढवायचा. टोकाला ओल चमकली की दाबाचा आकडा टिपायचा; जितका जास्त दाब, तितका झाडाला ताण जास्त. पोटभर पाण्यावरचं झाड दुपारी साधारण १० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास ओल दाखवतं, ताणावरचं १५च्या पुढे जातं. काका पानं बघून जे सांगत होते, त्याला माझ्याकडे आता आकडा होता. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी फार भारी वाटलं.

हो, मोजणी मध्यान्हीच्या सुमाराची, आणि घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, पिशव्या त्या हिशोबानं बांधा. देठ एकदाच कापा, नवं ब्लेड घ्या, चेहरा चेंबरवर आणू नका, चष्मा लावा. आणि भिंग न्याच, कागदी लिंबाच्या देठावरची ओल नुसत्या डोळ्यांना उशिरा दिसते, तोवर काटा पुढे गेलेला असतो.