शेळीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखणं: कानाचा रकाना नव्याने बेतला

शेळीला दुखतंय का हे चेहऱ्याच्या फोटोवरून ओळखणारं संगणकाचं मॉडेल मी बनवतोय. मागच्या नोंदीत फोटोतला चेहरा शोधण्यापर्यंत आलो होतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवर काढलेले फोटो दिले की योलो (फोटोतल्या वस्तू शोधणारं मॉडेल) शेळीच्या तोंडाभोवती बरोबर चौकट आखतं. तेवढं काम आता भरवशाचं झालंय, त्यावर जास्त लिहीत नाही. झुंज आहे ती लेबलांशी, म्हणजे कुठल्या फोटोत किती वेदना आहे हे गुण देऊन ठरवण्याशी, आणि आजची बरीचशी नोंद कानावरच आहे.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत २०१० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांपासून सुरू झाली. पुढे घोड्यांसाठी झाली आणि २०१६ मध्ये मेंढ्यांसाठी मोजपट्टी आली, खूर कुजलेल्या आणि कासदाह झालेल्या मेंढ्या पाहून बेतलेली. पाच जागा बघायच्या. दुखत असलं की डोळे बारीक होतात, गाल आवळले जातात, कान पुढे दुमडतात, ओठ मागे आणि खाली ओढले जातात, नाकपुड्यांचा गोलसर आकार टोकदार होतो. प्रत्येक जागेला ०, १ किंवा २ गुण. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने हेच संगणकाला शिकवलं. फोटो साधारण ५००, तेही उपचार करता करता पशुवैद्यांनी जमवलेले. डीप लर्निंगही नव्हतं, हॉग (कडांच्या दिशा मोजणं) आणि एसव्हीएम (त्यावरून गट पाडणं) या जुन्या, हलक्या पद्धती एवढंच, आणि अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास. माझ्यासारख्या घरच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला यातून मोठा धीर मिळतो. फोटो थोडे असले तरी चालतील, पण गुण जाणत्या माणसाने दिलेले हवेत.

आता कान. त्या मोजपट्टीतल्या मेंढ्यांचे कान आखूड आणि बाजूला आडवे. आपल्याकडची उस्मानाबादी वळणाची शेळी घ्या, तिचे कान लांब आणि जन्मापासून लोंबणारे. मेंढीच्या मोजपट्टीतला कानाचा रकाना तसाच उचलला तर धडधाकट शेळीही दुखणाईत ठरते. म्हणून कानाचं टोक बघणं सोडलं. आता तीनच बिंदू टिपतो: डोळ्याचा बाहेरचा कोपरा, कानाचं मूळ आणि तिथून कानाचा पहिला वळसा. मुळाशी स्नायू आहेत, हालचाल तिथे कळते, पुढचा कान नुसता लोंबत असतो. या तीन बिंदूंचा कोन काढायचा आणि त्याच शेळीच्या बऱ्या दिवसांतल्या फोटोशी ताडून बघायचा. गुण द्यायचे ते फरकाला, कोनाला नाहीत. हा बदल केल्यापासून निरोगी शेळ्यांवर येणारे खोटे इशारे ठळकपणे कमी झालेत. प्रत्येक जनावराचे स्वतःचे बरे फोटो आधी हवेत ही अट मात्र आली, आणि ती मला मान्य आहे. एकाच कळपातल्या दोन शेळ्यांचे चेहरेही सारखे नसतात.

काळ्या चेहऱ्याचा प्रश्न वेगळा. काळी शेळी, काळी पापणी, गोठ्यात अंधार, त्यात ठाण्याचा पाऊस. डोळ्याची कडच सापडत नाही. क्लाहे या पद्धतीने फोटोच्या भागाभागाचा कॉन्ट्रास्ट वाढवून थोडं सुधारतं, पण खरा उपाय फोटो काढतानाच करावा लागतो. फोनवर शेळीच्या तोंडावर बोट टेकवून उजेड वाढवून घ्यायचा आणि तिला दाराशी आणायचं. भर उन्हात मात्र नाही, उन्हाने डोळे मिचकावलेले असतात आणि मॉडेलला ती वेदना वाटते.

पावसाळ्यात खूर कुजायचे प्रकार वाढतात, त्यामुळे सध्या त्याच शेळ्या जास्त दिसतात. एक काळी शेळी पुढचा उजवा पाय जेमतेम टेकवून उभी होती. जवळून पाहिलं तर वरची पापणी इतकी खाली आलेली की आडव्या बाहुलीची वरची कडा झाकली गेली होती. नाकपुडीची बाहेरची बाजू आत ओढलेली, ओठांची रेघ घट्ट. मी पायाकडे बघत होतो आणि शेळी पाळणाऱ्या मावशी तिच्या जबड्याकडे. म्हणाल्या, "दादा, सकाळपासून रवंथ नाय केला तिनं. पायाचं नंतर बघ." फोटोत रवंथ दिसत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी मिनिटभराचा व्हिडिओही घेतो. त्याचा आणखी एक फायदा आहे: रवंथ करताना अर्धवट चावलेल्या क्षणाचा फोटो आला तर गाल आणि जबडा आवळल्यासारखे दिसतात. सलग फ्रेम असल्या की ती फसगत टळते.

लेबलांबद्दल माझं मत ठाम आहे. फोटोसाठी कुठल्याही जनावराला दुखवायचं नाही, आणि फोटो मिळावा म्हणून औषधाला उशीर करायचा नाही. आधीच आजारी असलेली, पशुवैद्य तपासायला आलेली जनावरंच घ्यायची. डॉक्टर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देतात तेव्हा इंजेक्शनची तयारी होईतो एकदा आणि काही तासांनी त्याच जागी पुन्हा एकदा चित्रण करतो. वेदनाशामकानंतर जे बदललं ते वेदनेचं असण्याची शक्यता दाट, आणि जे तसंच राहिलं ते ताप, थकवा किंवा भीतीचंही असू शकतं. माझ्याकडची सगळ्यांत मोलाची लेबलं हीच आहेत. (पूर्वी अशा वेळी डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक सर्रास टोचलं जायचं. त्याने गिधाडं मेली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, म्हणून गोठ्यात तेच दिसलं की बरं वाटतं.)

ग्रॅडकॅमचे नकाशे नक्की काढून बघा, मॉडेल फोटोतल्या कुठल्या भागावरून निर्णय घेतं ते त्यात लाल दिसतं. माझ्या नकाशात काही फोटोंवर लाल डाग डोळ्यावर नव्हता, गळ्यातल्या दाव्यावर होता. कारण उघड आहे: आजारी शेळी बांधलेली असते, बरी चरायला गेलेली. आता बऱ्या शेळ्यांचेही फोटो संध्याकाळी दावणीला बांधल्यावर घेतो आणि चौकट जबड्याखालीच कापतो. ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे फोटो) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचे फोटो) यांची वाटणी शेळीनिहाय करतो, फोटोनिहाय नाही. एकाच शेळीचे फोटो दोन्हीकडे गेले की मॉडेल वेदनेऐवजी शेळी ओळखायला शिकतं आणि आकडे फुगतात.

पुढचं काम व्हिडिओचं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी शेळ्यांच्या व्हिडिओंवर असं काम केलंय, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नाही. रवंथ चालू आहे की थांबलाय एवढं जबड्याच्या हालचालीवरून ओळखणारा छोटा भाग आधी करतोय, मग तो चेहऱ्याच्या गुणांना जोडेन.

मुरबाड, शहापूर, उरणकडे कुणाच्या घरी शेळ्या असतील तर मदत हवी आहे. आजारी शेळीचे फोटो नकोत, सध्या बऱ्या शेळ्यांचेच हवेत: दोन्ही बाजूंनी आणि समोरून, सावलीत, बांधलेल्या. सोबत जात, वय, गाभण आहे का आणि शेवटचा रवंथ कधी पाहिला एवढं लिहून ठेवा.