पायाचा ठेका

अमेरिकेत नॅशव्हिलला जुन्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं माझं काम. एका सकाळी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ४५ ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी, छोटी रेकॉर्ड घेऊन आल्या. नवऱ्याच्या आवाजाची एवढी एकच खूण. लेबलवर ‘स्टारडे’ वाचलं आणि मी आधी हात धुऊन आलो.

स्टारडे ही मूळची टेक्ससमधल्या बोमाँटची कंपनी. जॅक स्टार्न्स आणि पॅपी डेली यांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिचं नाव झालं. स्टुडिओ म्हणजे स्टार्न्स यांच्या घरातली खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेले. बाहेरून ट्रक गेला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. कंट्री गायक जॉर्ज जोन्सची पहिली रेकॉर्ड १९५४ मध्ये तिथेच झाली. पण मला या कंपनीचं मोठेपण वाटतं ते तिचे भागीदार डॉन पियर्स यांनी चालवलेल्या वेगळ्याच धंद्यात. गावोगावच्या गायकांनी टेप आणि पैसे पाठवायचे, कंपनी काहीशे रेकॉर्ड काढून द्यायची. गाण्याचे प्रकाशनहक्क मात्र स्वतःकडे ठेवायची. व्यवहार कंपनीच्या सोयीचा होता, तरी त्यामुळेच कितीतरी अनोळखी आवाज आज आपल्यापर्यंत पोचलेत.

आजींचे पती त्यांतलेच. दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, शनिवारी गायचे आणि गाडीच्या डिकीतून रेकॉर्ड विकायचे.

रेकॉर्ड धुऊन, वाळवून लावली. गाण्याखाली धप्‌ धप्‌ येत होतं. रेकॉर्ड थोडी वाकलेली. दर फेरीला सुई आदळत असणार, असं धरून मी ऐंशी हर्ट्‌झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, सगळं छाटलं. गाणं स्वच्छ झालं. आजींना ऐकवलं.

त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याचा पाय कुठे गेला?”

मला कळेना. “तो बुटाने ताल धरायचा. ड्रमवाल्याला द्यायला पैसे कुठे होते!”

मी मूळ आवाज पुन्हा काढून मोजला. रेकॉर्डची एक फेरी होते सुमारे १.३३ सेकंदांत, धप्‌ त्याहून लवकर पडत होतं, आणि कडव्याच्या शेवटी, गायक श्वास घेतो तिथे, किंचित रेंगाळत होतं. सुई अशी रेंगाळत नाही. इतकी वर्षं हे काम करून मी आधी मोजलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

काहीही न छाटता पुन्हा लावलं. टेबलाखाली आजींचा कॅनव्हासचा बूट हलायला लागला.

मग रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूला मी त्यांना विचारल्याशिवाय हात लावला नाही.