ओठ शिवला, पण टाळूचं काय?

क्लेफ्ट म्हणजे जन्मतःच दुभंगलेला ओठ किंवा टाळू, डोक्यावरची नाही, तोंडातलं वरचं छत ती टाळू. अशा बाळाचा ओठ शिवून झाला की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे. फोटो काढतात, पाव्हण्यांना पाठवतात, बारसं राहिलं असेल तर ते उरकून घेतात, आणि बरीच घरं इथेच थांबतात. आज हे लिहायला बसले कारण परवा ओळखीतून एकीचा फोन आला, मुलगा चार वर्षांचा, ओठाचं ऑपरेशन केव्हाच झालंय, टाळू अजून तशीच उघडी, आणि ती म्हणते, "ताई, दिसायला तर आता काहीच नाही ओ, मग कशाला परत लेकराला भूल द्यायची?"

दिसत नाही, तीच तर खरी अडचण आहे.

माझी भाची, भावाची मुलगी, आम्ही तिला चिऊ म्हणतो, तिचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. आपल्याकडे ७०० ते १००० बाळांमागे एकाला हे असतं, म्हणजे काही जगावेगळं नाही, पण जन्मल्या दिवशी सगळे वहिनीकडेच बघत होते. ग्रहणात सुरी धरली असशील, भाजी चिरली असशील, नाहीतर बाहेर तरी पडली असशील. अरे, बाळाचा ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, बऱ्याच बायकांना तर तेव्हा दिवस गेलेलेही धड कळलेलं नसतं, आणि टाळू तिसरा महिना संपेपर्यंत! आणि त्या वर्षी ग्रहण लागलं तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. हे मी मोठ्या काकूंना तोंडावर सांगितलं, त्यांना आवडलं नाही, पण बाळंतिणीला कुणीतरी पाठीशी लागतंच ना. दोष कुणाचाच नसतो यात.

पहिले काही महिने सगळं दुधाभोवती फिरतं. टाळू उघडी असली की बाळाला ओढताच येत नाही, तोंडात हवेचा दाब धरत नाही, अंगावर लावलं की दमून झोपतं आणि पोट रिकामंच, नाहीतर दूध नाकातून बाहेर. बाटल्यांचे प्रकार बघून झाले आणि शेवटी आईने माळ्यावरून जुनं चांदीचं बोंडलं काढलं, आमच्या आजीच्या वेळचं. ते उकळून घ्यायचं, वहिनीचं दूध काढून त्यात घालायचं, चिऊला जवळजवळ उभं धरायचं आणि गालाच्या बाजूने थोडं थोडं सोडायचं, मध्येमध्ये थांबून ढेकर काढायचा. नर्सबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या अगदी बरोबर, आम्ही वाटी-चमचा सांगतो तेच हे. वजन वाढायलाच हवं होतं कारण ओठाच्या ऑपरेशनला डॉक्टर दहाचा नियम बघतात, १० आठवडे वय, १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन, आणि हिमोग्लोबिन १०. सहसा तीन ते सहा महिन्यांत करतात. ते झालं, छान झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता टाळूचं सांगते, कारण ते कुणी नीट समजावून सांगत नाही. टाळूचा मागचा भाग मऊ असतो, पडजीभ लटकते तो, त्यात स्नायू असतात. आपण बोलतो, गिळतो तेव्हा ते उचलले जातात आणि नाकाकडची वाट बंद होते. दुभंगलेल्या टाळूत हे स्नायू मधे जुळलेलेच नसतात, पुढे हाडाच्या कडेला चिकटलेले असतात. सर्जन ते सोडवून, मागे वळवून, एकमेकांना जोडतात, म्हणजे नुसतं भोक बुजवणं नाही ते, चालणारी झडप तयार करणं आहे. म्हणूनच ते साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करायचं असतं, बोलणं नीट सुरू व्हायच्या आत. प, ब, ट, क म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. म आणि न नाकातलेच, ते येतात. चिऊ "मामा" छान म्हणायची आणि दादाकडे, म्हणजे तिच्या बाबाकडे बघूनही "मामा"च म्हणायची, कारण बाबा म्हणायला गेली की ब चा म व्हायचा. उशीर झाला की पोरं स्वतःच पळवाट काढतात, घशातूनच आवाज तोडतात, आणि ती सवय एकदा बसली की नंतर नुसती टाळू शिवून जात नाही, मग शाळेत गेंगाणा म्हणून हाक मारतात. आम्हालाही एका डॉक्टरांनी पाच वर्षांची होऊ द्या असं सांगितलं होतं, बरं झालं वहिनीने दुसरीकडे विचारलं.

कानाचं पण आहे. ह्याच स्नायूंवर कानाची आतली नळी उघडणं अवलंबून असतं, त्यामुळे ह्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. हाक मारल्यावर बघत नसेल तर हट्टी म्हणू नका, कान दाखवा.

ऑपरेशननंतरचे दिवस कठीण होते, खोटं कशाला सांगू. बोट तोंडात जाऊ नये म्हणून दोन्ही हातांना कोपर वाकणार नाही अशा नळ्या बांधल्या होत्या, ती हात पसरून उभी राहायची आणि रडायची. चमचा बंद, गाळलेली पेज आणि वरणाचं पाणी पेल्याने. पण ते दिवस जातात.

मग स्पीच थेरपी. मॅडम एक छोटा आरसा नाकपुड्यांखाली धरायच्या आणि "पपई पपई" म्हणायला लावायच्या, आरशावर वाफ धरली की हवा अजून नाकातून सुटतेय. घरी दादा रोज ऑफिसातून आला की हेच, आरसा घेऊन दोघं ओट्याजवळ बसायची. ज्या दिवशी "बाबा" म्हटल्यावर आरसा कोरडा राहिला त्या दिवशी दादा आत जाऊन रडला.

पैशामुळे थांबला असाल तर थांबू नका. स्माइल ट्रेन ही संस्था भारतात ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांतून ही ऑपरेशनं मोफत करून देते, आणि २०१३ पासूनच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ आणि टाळू दोन्ही येतात, अंगणवाडीत तपासायला गाडी येते त्या टीमलाच सांगायचं, पुढे पाठवायची सोय तेच करतात. चार वर्षांच्या मुलाचंही होतं, थेरपी जास्त दिवस लागेल एवढंच. त्या फोनवाल्या ताईंना मी हेच सांगितलं, त्या जाणार आहेत म्हणाल्या.

चिऊ आता तिसरीत आहे. पुढचं काम हिरडीचं, तिथे हाडात अजून फट आहे, कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरतात म्हणजे वरचा सुळा त्यातून खाली उतरू शकतो. सुळा किती तयार झालाय ते एक्स-रेवर बघून तारीख ठरवतात, दिवाळीनंतर परत बोलावलंय.