लेखनिक मिळाला, पुढे काय?

दहावीला अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीच्या) प्रमाणपत्रावर लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा, आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. प्रमाणपत्राची धावपळ नववीतच उरकावी. मुंबईत सायन रुग्णालयात त्यासाठी खास क्लिनिक आहे, पण तपासण्या एका फेरीत संपत नाहीत.

खरी गडबड परीक्षेत होते. मूल उत्तर मनात जुळवतं, लेखनिक ताटकळतो. म्हणून सहामाहीपासून सराव हवा: आधी मुद्दे सांगायचे, मग वाक्यं, शेवटी वाचून घ्यायचं. बीजगणितात तर ‘कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’ असंच बोलावं लागतं. ‘कंस पूर्ण’ म्हणायचं राहिलं की वर्ग फक्त तीनचाच होतो आणि गणित गेलंच!